बँड बसवलेल्या पोटासाठी सुकामेवा: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

वजन उतरवण्यासाठी गॅस्ट्रिक बँड बसवून घेतलेला माणूस सुकामेव्याच्या दुकानात उभा राहिला की त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हे अडकेल का? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा की, हे फारच सहज उतरून जाईल का? अडकणारी वस्तू तिथल्या तिथे त्रास देते, म्हणून ती लवकर ओळखू येते आणि टाळली जाते. सहज उतरणारी वस्तू काहीच त्रास देत नाही. ती आवडती होते, मग रोजची होते, आणि दोन महिन्यांनी वजनाचा काटा हलेना की दोष बँडच्या माथी जातो. म्हणून इथे बदामापासून चिक्कीपर्यंत प्रत्येक वस्तू दोन्ही बाजूंनी तपासली आहे. दुकानातली सर्वांत महाग वस्तू या यादीत पहिली येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बँड म्हणजे जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवलेलं सिलिकॉनचं कडं. त्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो आणि पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या पोर्टमधून (सुई टोचायच्या छोट्या डबीतून) सुईने सलाइन भरून किंवा काढून तो घट्ट-सैल करतात. दुर्बिणीतून बसवायचा पहिला बँड बेल्जियममध्ये १९९३ साली बसला, अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. आता स्लीव्ह (जठराचा बराच भाग कापून काढणं) आणि गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्न आतड्याच्या पुढच्या भागात वळवणं) या शस्त्रक्रियांनी त्याची जागा घेतली आहे, नवे बँड फार थोडे बसतात. पण जुना बँड अंगात असलेली माणसं इथेही आहेत आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांतही आहेत. अडचण अशी की इंटरनेटवर हल्ली दिसणारा बहुतेक आहारसल्ला स्लीव्ह आणि बायपासवाल्यांसाठी लिहिलेला असतो, आणि तो बँडला जसाच्या तसा लागू पडत नाही. बँडमध्ये आतड्याला हात लावलेला नसतो. खाल्लेली चरबी जवळपास सगळी अंगी लागते. बायपासवाल्यांना गोड किंवा तेलकट जास्त झालं की घाम, धडधड, जुलाब असा दणका बसतो. बँडवाल्याला तो बसत नाही. काजूकतली अर्धा किलो खाल्ली तरी बँड तक्रार करणार नाही.

बँड पोट भरल्याची जाणीव देतो तो घनपदार्थाच्या घासामुळे. नीट चावलेला घास कड्यातून एकदम जात नाही. अन्ननलिका त्याला दोन-चार वेळा दाबते तेव्हा कुठे तो खाली सरकतो. त्या दाबाने तिथल्या मज्जातंतूंना भूक शमल्याचा निरोप जातो. मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन यांनी बँडच्या रुग्णांना घालून दिलेली शिस्त याच तत्त्वावर उभी आहे: छोटा घास, पूर्ण चावणं, पुढच्या घासाआधी मिनिटभर थांबणं, आणि एका जेवणात साधारण अर्धी वाटी-पाऊण वाटी अन्न. पातळ किंवा तोंडात विरघळणारा पदार्थ कड्याला जेमतेम स्पर्श करून निघून जातो, म्हणून निरोपही जात नाही.

आता प्रमाण. वजन उतरण्याच्या काळात बँडवाल्याचा दिवसाचा आहार बहुधा हजार ते बाराशे कॅलरींच्या आसपास बसवलेला असतो. त्यात सुकामेव्याला १५ ग्रॅम द्यावेत, फार तर २०. पंधरा ग्रॅम म्हणजे साधारण बारा बदाम, ८५ ते ९० कॅलरी. मूठभर हे माप इथे बाद आहे. मोठ्या माणसाच्या मुठीत सहज ३५ ग्रॅम मावतात आणि त्या २०० कॅलरी होतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांना मिळतो. या परीक्षणातली सर्वांत उपयोगी खरेदी तीच.

प्रथिनांसाठी सुकामेवा खावा, असं सांगणाऱ्यांना एक हिशेब दाखवावा. सत्तर-पंचाहत्तर कॅलरींत एक अंडं ६ ग्रॅम प्रथिनं देतं. तेवढ्याच कॅलरींत दहा बदाम देतात जेमतेम अडीच ग्रॅम. दिवसाला साठेक ग्रॅमचं लक्ष्य गाठायचं तर ते अंडी, दही, पनीर, डाळ, मासे, चिकन यांतूनच गाठावं लागतं. सुकामेवा चांगली चरबी, तंतू, मॅग्नेशियम आणि चव यांसाठी आहे.

वेळेचाही एक मुद्दा आहे, आणि तो आपल्याकडच्या सवयीला धक्का देणारा आहे. उपाशीपोटी भिजवलेले बदाम खाणं बँडवाल्यांनी सोडावं. पुष्कळांचा बँड सकाळी जास्त घट्ट वाटतो आणि दुपारनंतर मोकळा होतो. सकाळचा पहिला घास अडकण्याचं प्रमाण म्हणूनच जास्त. सकाळी कोमट पेय घ्यावं, अर्ध्या-पाऊण तासाने मऊ नाश्ता करावा, आणि बदाम दुपारच्या जेवणात किंवा चार-पाचच्या सुमारास खावेत. शस्त्रक्रियेनंतर आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ अशा पायऱ्या चढत साधारण सहाव्या आठवड्यात घनपदार्थ सुरू होतात. सुकामेवा त्याच्याही नंतर, दुसरा महिना उलटल्यावर. तुमच्या सर्जनने दिलेला तक्ता वेगळा असेल तर तोच पाळायचा. पुढे प्रत्येक वेळी बँडमध्ये सलाइन भरलं की पहिले एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, आणि सुकामेवा आठवडाभराने.

बदामापासून सुरुवात करू. बाजारात कॅलिफोर्निया, मामरा आणि गुरबंदी असे तीन प्रकार ठळकपणे दिसतात. मामरा वेडावाकडा, तेलकट आणि खिशाला जड. गुरबंदी लहान, कडक, अधूनमधून एखादा कडू निघणारा. बँडसाठी साधा कॅलिफोर्नियाच बरा: मोठा, एकसारखा, भिजल्यावर मऊ होणारा. आठ-दहा तास भिजवून साल काढायचीच. बदामाचा गर दातांखाली पीठ होतो, साल होत नाही. तिचे वळलेले तुकडे कड्यापाशी एकत्र येतात आणि मागून आलेला घास अडवून धरतात. सोललेला बदामही अख्खा तोंडात टाकू नये. उभे काप करावेत आणि एका वेळी एका बदामाचेच काप घ्यावेत. भिजवल्याने कॅलरी कमी होतात हा मात्र गैरसमज आहे. मऊपणा येतो, बाकी काही नाही.

बदामाबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधन केंद्रात झालेलं काम बँडवाल्यांनी जरूर जाणून घ्यावं. अख्ख्या बदामातली सगळी ऊर्जा शरीराला मिळत नाही, कारण नीट न चावलेल्या पेशींतलं तेल तसंच बाहेर पडतं. तिथल्या मोजमापात १०० ग्रॅम साध्या बदामातून सुमारे ४४० कॅलरी मिळाल्या, भाजलेल्या अख्ख्या बदामातून ४८५ च्या आसपास, भाजून चिरलेल्यातून ५०५ आणि बदाम बटरमधून ६५०. बदाम खाऊन वजन वाढत नाही असं जे ऐकू येतं, त्यामागे ही सूट आहे. बँडवाल्याला ती पूर्ण मिळत नाही, कारण त्याला प्रत्येक घास लगदा होईपर्यंत चावावा लागतो. जितकं बारीक, तितकं अंगी लागणार. म्हणून पाकिटावरचा आकडा, १०० ग्रॅमला साधारण ५८० कॅलरी, हाच खरा धरून चालावं.

अक्रोड अडकण्याच्या बाबतीत सर्वांत गुणी. मऊ, ठिसूळ, साल नावापुरती. चार-सहा चावांत लगदा होतो. पण यात शंभरातले ६५ ग्रॅम चरबी आहे आणि एक अर्धी फोड दोन ग्रॅमची, १३ कॅलरींची. दिवसाला सहा-सात फोडींवर थांबावं. खरेदी करताना फिकट रंगाच्या फोडी बघाव्यात, आणि दुकानदार देईल तर एक तोडून हुंगावी. तेलरंगासारखा वास आला तर माल जुना. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात फ्रिजमध्येच ठेवायचा. बाहेर उन्हाळ्यात महिनाभरही टिकत नाही.

कवचासकट पिस्ते ही कोरड्या सुकामेव्यातली आमची पहिली पसंती. कारण चव नाही, कवच. एकेक फोडावा लागतो, त्यामुळे दोन घासांमधलं थांबणं आपोआप होतं, आणि समोर साठलेली टरफलं किती खाल्लं ते दाखवत राहतात. एक गर साडेतीन कॅलरींच्या आत असतो, वीस पिस्ते म्हणजे साठ-पासष्ट कॅलरी. फक्त खारे घेऊ नयेत. मिठाने तहान लागते, तहानेने पाणी प्यायलं जातं, आणि खाताना प्यायलेलं पाणी चावलेला घास कड्यातून धुऊन नेतं. मग भूक शमल्याचा निरोप जाणार कुठून? खाणं झाल्यावर अर्धा तास पाणी नाही हा नियम खाऱ्या वस्तूंनी सर्वांत आधी मोडतो. सोललेले पिस्ते महागही आहेत आणि कवचाचा फायदाही घालवतात.

काजू या परीक्षेत नापास, आणि कोकणातल्या वाचकांना हे आवडणार नाही. काजू कधी अडकल्याची तक्रार क्वचितच ऐकू येते. तोंडात चार चावांत लोणी होतं आणि घसरत खाली जातं. टीव्हीसमोर वाटीभर काजू संपवूनही तासाभरात जेवायला बसता येतं, हीच त्याच्याविरुद्धची साक्ष. घ्यायचेच असतील तर मोजून घ्यावेत, आणि त्यासाठी पाकिटावरचा आकडा उपयोगी पडतो. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस काजू, म्हणजे एक काजू साधारण दीड ग्रॅम, आठ कॅलरी. डब्ल्यू-१८० मधला एक अडीच ग्रॅमचा, १४ कॅलरींचा. नगावर मोजणाऱ्याने छोटा आकार घ्यावा. तळलेले मसाला काजू मुळीच नकोत. पण याच झाडाचे ओले काजू ही वेगळी गोष्ट आहे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास कोकणात आणि गोव्यात मिळणारे ओले गर पाणीदार असतात, शिजवल्यावर मऊ होतात तरी चावावे लागतात. कमी खोबऱ्यात केलेली ओल्या काजूची उसळ, पाव वाटी, सावकाश चावून: बँडला यापेक्षा चांगला काजू नाही. खोबरं मात्र खरोखर कमी हवं. किसलेल्या नारळाचा चोथा कितीही चावला तरी तोंडात शिल्लक राहतो, आणि तोच कड्याशी जमतो. सुक्या खोबऱ्याचं तर नावच नको.

या सगळ्यांत वरचा नंबर शेंगदाण्याला, तोही उकडलेल्या. भाजलेल्या दाण्यात १०० ग्रॅमला ५७० ते ५८५ कॅलरी असतात, उकडलेल्यात सुमारे ३२०, कारण बाकीचं पाणी आहे. प्रथिनं १३ ग्रॅमच्या वर. तीस ग्रॅम उकडलेले दाणे म्हणजे ९५ कॅलरी आणि चार ग्रॅम प्रथिनं, आणि समोर दिसणारी रास मनाला बरी वाटेल एवढी मोठी. ओल्या शेंगा मीठ घालून कुकरला तीन-चार शिट्ट्यांत होतात. सुके दाणे असतील तर सहा-आठ तास भिजवून चार-पाच शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं मंद आच. दाणा दोन बोटांत दाबला की सपाट झाला पाहिजे. मधे कण लागला तर पुन्हा एक शिट्टी. पहिले काही आठवडे फोलपटं चोळून काढावीत. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात, पुढे बुळबुळीत होतात.

भाजलेले खारे दाणे, पुडीतले किंवा बारच्या टेबलावरचे, अडकतातही आणि घसरतातही. घाईत खाल्ले तर अर्धे तुकडे अडकतात, सावकाश खाल्ले तर पुडी कधी संपली ते कळत नाही. शिवाय सोबत बहुधा पेय असतं.

दाण्याच्या कुटाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण मराठी स्वयंपाकघरात खरी मेख तिथे आहे. कूट सुकामेवा म्हणून कोणी मोजतच नाही. सपाट पोह्याचा चमचा सात-आठ ग्रॅमचा, चाळीस-पंचेचाळीस कॅलरींचा. शिगोशीग भरला तर बारा ग्रॅम सहज. काकडीच्या कोशिंबिरीत एक सपाट चमचा उत्तम, कारण काकडी चावावी लागते आणि कूट तिच्यासोबत जातो. काकडी सोलून बारीक चोचवलेली हवी. भरल्या वांग्यात, भरल्या भेंडीत माणशी दोन-तीन चमचे कूट आणि तेवढंच तेल असतं, तिथे मसाला बाजूला सारून भाजी खावी. उपासाला दाण्याची आमटी हा सर्वांत फसवा पदार्थ: वाटीभर आमटीत २५-३० ग्रॅम कूट, दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी, आणि दोन मिनिटांत कड्याखाली. साबुदाण्याच्या खिचडीचा दोष उलटा आहे. चिकट साबुदाणा गोळा होऊन कड्यावर बसतो, आणि कुटामुळे तो मोकळा झाला तरी बँडला पुरेसा मोकळा होत नाही. उपासाला भगर मऊ शिजवून, वर घट्ट दही आणि एक चमचा कूट, एवढं जमतं.

घरी कूट करताना दाणे मंद आचेवर भाजून, फोलपटं पाखडून, मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला की तेल सुटतं आणि आपण पीनट बटरच्या वाटेला लागतो. त्या बटरचं मत एका वाक्यात: इच्छित वजन गाठेपर्यंत बरणी घरात नको. सोळा ग्रॅमच्या चमच्यात ९५ कॅलरी, चावण्याचं नाव नाही, आणि पावावर लावलं तर ताजा पाव गोळा होऊन अडकतो तो वेगळाच. तेल काढून घेतलेली शेंगदाण्याची पावडर मिळते ती मात्र घेण्यासारखी आहे. दोन चमच्यांत ६० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हे प्रमाण लेबलवर तपासावं, साखर नसलेली घ्यावी आणि घट्ट दह्यात कालवावी. पाण्यात घोळून प्यायली की पुन्हा तेच पातळ.

आता अडकलंच तर काय करायचं ते. छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला लाळ सुटते, पुढे फेस येऊ लागतो. खाणं तिथेच थांबवा. पाणी ओतू नका. खाली जायला वाट नसल्याने ते वर साठतं आणि दुखणं वाढवतं. सोडा किंवा फसफसणारं पेय तर नकोच. उभं राहून हळूहळू चालावं. बहुतेक वेळा घास खाली जातो किंवा वर येतो. त्यानंतर आतलं अस्तर सुजलेलं असतं, म्हणून पुढचा दिवसभर पातळ आणि मऊच घ्यावं. लगेच जेवायला बसलं की साधा भातही अडकतो. काही तास उलटूनही स्वतःची लाळ गिळता येत नसेल किंवा कळ वाढत असेल तर त्याच दिवशी सर्जनला गाठावं. सुईने सलाइन काढून बँड सैल केला की आराम पडतो. आठवड्यातून अनेकदा उलटून येत असेल, रात्री झोपेत खोकला किंवा आंबट पाणी घशात येत असेल, तर दोष बदामाचा नाही. बँड जास्त घट्ट आहे किंवा जागचा सरकला आहे, आणि ते तपासूनच घ्यायला हवं. वारंवारच्या उलट्यांनी बँड सरकतो आणि कड्याच्या वर उरलेली जठराची छोटी पिशवी ताणली जाते.

उरलेला माल पटकन आटोपू. अंजीर आणि जर्दाळू कोरडे खाल्ले तर तंतू आणि साल दोन्ही अडकतात, आणि पोटात पाणी मिळालं की फुगतात. भिजवून, चिरून, अर्धा अंजीर पुरे. खजूर चिकट आणि नुसती साखर. मखाणे तोंडात विरतात म्हणून भूक भागवत नाहीत, पण १५ ग्रॅमची मोठी वाटी जेमतेम ५० कॅलरींची असल्याने माफ. भोपळ्याच्या सोललेल्या बिया चांगल्या, शंभराला तीसेक ग्रॅम प्रथिनं. अळशी, सब्जा, चिया कोरड्या कधीच घेऊ नयेत. कड्यापाशी फुगून जेल होतात. आधी भिजवून दह्यात घालाव्यात. डब्यातलं बदामाचं दूध म्हणजे बहुतांश पाणी, कपभर प्यायल्याने ग्रॅमभर प्रथिनं मिळाली तरी खूप. डिंकाचे लाडू आणि मेव्याचे लाडू यांत तूप-गूळ धरून एका लाडवात दीडशे-दोनशे कॅलरी सहज जातात, आणि ते घसरतात.

चिक्की दोन्ही कसोट्यांवर सपशेल नापास. कडक पाकाचे धारदार तुकडे आणि अर्धवट चावलेले दाणे अडकतात, पाक विरघळला की साखर घसरते. लोणावळ्याहून कोणी आणलीच तर दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी ठेवावी. तिच्याजागी प्रवासात न्यायला १५ ग्रॅम कवचाचे पिस्ते आदल्या रात्री काट्यावर तोलून छोट्या पुडीत बांधावेत. कवचासह वजन करत असाल तर २८ ते ३० ग्रॅम धरावं.